युद्ध जिंकलं, रस्ते बांधले, तरी दिवाळं का निघालं?

डिसेंबर २०२४ मध्ये सिरियातली असद राजवट कोसळली आणि तेव्हापासून ‘पुनर्बांधणी’ हा शब्द बातम्यांत सारखा दिसतोय. निर्बंध उठवण्याच्या घोषणा होतात, आखाती देश गुंतवणूक जाहीर करतात, बंदरांचे आणि विमानतळांचे करार होतात. वाचणाऱ्याला वाटतं, युद्ध थांबलं, पैसा आला, आता देश उभा राहणार. हे गणित इतकं सरळ का नसतं, हे समजून घ्यायचं असेल तर श्रीलंकेकडे बघावं. तिथे सरकारने युद्ध निर्णायकपणे जिंकलं. परदेशी कर्ज हवं तेवढं मिळालं, रस्ते झाले, पूल झाले, रेल्वे परत सुरू झाली. आणि १३ वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये, याच देशाने ‘आम्ही परकीय कर्ज फेडू शकत नाही’ असं जाहीर केलं.

दिवाळखोरीच्या बातम्यांत पेट्रोलच्या रांगा आणि राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात घुसलेली गर्दी दिसली. या दिवाळखोरीची मुळं युद्धानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतल्या निर्णयांपर्यंत कशी जातात, ते फारसं कुणी सांगितलं नाही.

थोडक्यात पूर्वपीठिका

जुलै १९८३ पासून मे २००९ पर्यंत श्रीलंकेचं सैन्य आणि लिट्टे यांच्यात युद्ध चाललं. उत्तर आणि पूर्वेत वेगळं तमिळ राष्ट्र ही लिट्टेची मागणी होती. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार ८० हजार ते १ लाख माणसं मेली. शेवटच्या काही महिन्यांत मुल्लैतिवू जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत लाखो नागरिक अडकले होते. त्यातून वाचलेल्या सुमारे ३ लाख लोकांना वावुनियाजवळच्या मेनिक फार्मसारख्या छावण्यांत ठेवलं. मेनिक फार्म पूर्ण रिकामं व्हायला सप्टेंबर २०१२ उजाडलं.

जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतिवू, मन्नार आणि वावुनिया या पाच जिल्ह्यांचा मिळून उत्तर प्रांत होतो. युद्धाची सर्वाधिक झळ याच प्रांताला बसली. महिंदा राजपक्षे यांच्या सरकारने त्याच्यासाठी ‘उत्तरेचा वसंत’ नावाची योजना आणली. रस्ते, वीज, रेल्वे आणि बँका आल्या की लोक जुनं विसरतील आणि सत्तावाटपाचा प्रश्न आपोआप मागे पडेल, असा तिच्यामागचा विचार होता.

पहिली तेजी धोरणामुळे येत नाही

युद्ध संपल्यावर अर्थव्यवस्थेला जे आयतं मिळतं त्याला अर्थतज्ज्ञ ‘शांततेचा लाभांश’ म्हणतात. बंद रस्ता उघडतो, पडीक शेत पेरलं जातं, मासेमारीवरची बंदी उठते, पर्यटक परत येतात. यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी सरकारला गोळीबार थांबवण्यापलीकडे फार काही करावं लागत नाही. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाचं वजन पहिल्या दोन महिन्यांत भराभर वाढतं. ते त्याने व्यायाम करून कमावलेलं नसतं, गेलेलं परत आलेलं असतं. तोच वेग वर्षभर टिकेल असं धरून कुणी नव्या मापाचे कपडे शिवायला टाकत नाही.

श्रीलंकेने नेमके तेच टाकले. २०१० ते २०१२ या काळात देशाचा जीडीपी, म्हणजे वर्षभरात देशात तयार होणाऱ्या वस्तू आणि सेवांची एकूण किंमत, वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वेगाने वाढला. उत्तर प्रांताचे आकडे तर डोळे दिपवणारे होते. महागाई न वजा करता मोजलं तर तिथली वाढ वर्षाला २० टक्क्यांच्या वर गेली. पण देशाच्या जीडीपीत या प्रांताचा वाटा जेमतेम ४ टक्क्यांच्या आसपास होता. इतक्या खालून सुरुवात केली की थोडीशी भरही टक्केवारीत प्रचंड दिसते. शिवाय ही भर मुख्यतः बांधकाम, वाहतूक आणि बँकांची होती. काँक्रीट ओतणं संपलं की ती थांबणार होती, आणि थांबली.

सरकारने मात्र या वेगाला आपल्या धोरणाचं यश मानलं आणि पुढची कर्जं त्याच्या भरवशावर काढली. २०२२ च्या दिवाळखोरीकडे जाणारा रस्ता माझ्या मते इथेच सुरू होतो.

रस्ता दोन्ही बाजूंनी वाहतो

कँडीहून जाफन्याला जाणारा ए-९ महामार्ग युद्धात वर्षानुवर्षं बंद होता. तो दुरुस्त झाला. जाफन्याची ‘याळ देवी’ रेल्वे ऑक्टोबर २०१४ मध्ये पुन्हा जाफना स्टेशनात शिरली. तो मार्ग भारताच्या कर्जातून आणि भारतीय कंपनीने बांधला होता. भारताने श्रीलंकेत ५० हजार घरांचीही योजना राबवली, त्यातली बहुतेक उत्तर आणि पूर्वेत. हे सगळं गरजेचंच होतं. रस्ता नको होता असं म्हणणारा माणूस जाफन्यात सापडणार नाही.

पण रस्त्याने माल जसा बाहेर जातो तसा आतही येतो. उत्तरेकडे बाहेर पाठवायला काय उरलं होतं? कांकेसन्थुरईचा सिमेंट कारखाना १९९० मध्ये बंद पडलेला. आनैयिरवू, म्हणजे एलिफंट पास इथली मिठागरं युद्धात गेलेली. मुहमालैसारख्या भागात जमिनीखाली सुरुंग पेरलेले. ते एकेक करून हाताने काढेपर्यंत तिथे नांगर घालता येत नाही, आणि हे काम युद्ध संपून दशक उलटल्यावरही चालूच होतं. मच्छीमारांच्या बोटी आणि जाळी नष्ट झालेली, आणि समुद्रात उतरावं तर पाल्कच्या सामुद्रधुनीत तमिळनाडूचे ट्रॉलर तळ खरवडून नेत होते. म्हणजे दक्षिणेतला माल विकायला नवी बाजारपेठ खुली झाली, पण तो माल घेऊन उत्तरेत आलेले ट्रक परतताना बरेचसे रिकामेच.

त्याच रस्त्याने कर्ज देणाऱ्या कंपन्याही आल्या. बँकांच्या नव्या शाखा, हप्त्यावर मोटारसायकल आणि तीनचाकी देणाऱ्या लीझिंग कंपन्या, आणि मायक्रोफायनान्स, म्हणजे तारण न घेता गटातल्या बायकांना दिली जाणारी छोटी कर्जं. कमाईचं साधन उभं राहण्याआधी कर्ज हातात पडलं. नवरा युद्धात मेलेला किंवा बेपत्ता, घर चालवणारी बाई एकटी, आणि दर आठवड्याला वसुलीवाला दारात. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज, हे चक्र इतकं वाढलं की २०१८ मध्ये सरकारला दुष्काळग्रस्त जिल्ह्यांतल्या महिलांची १ लाख श्रीलंकन रुपयांपर्यंतची अशी कर्जं माफ करावी लागली आणि व्याजदरावर मर्यादा घालावी लागली.

जमीन नावावर नसेल तर

युद्धोत्तर अर्थकारणातला सगळ्यात किचकट आणि सगळ्यात कमी चर्चिला जाणारा भाग म्हणजे जमीन. फीत कापायला काही नसतं म्हणून असेल कदाचित.

पंचवीस वर्षांत एखाद्या कुटुंबाने पाच-सहा वेळा पळून जागा बदललेली असते. खरेदीखत जळालेलं, निबंधक कार्यालयातली नोंदही गेलेली. त्यांच्या जमिनीवर दुसरं विस्थापित कुटुंब येऊन राहिलेलं. श्रीलंकेच्या कायद्यात एखाद्याने १० वर्षं विनाअडथळा जमीन वहिवाटली की तो मालकी सांगू शकतो. शांततेच्या काळात हा नियम ठीक आहे, पण ज्याला बंदुकीच्या धाकाने जावं लागलं त्याच्यावर तो अन्यायच करतो. ही १० वर्षं मोजताना विस्थापनाचा काळ धरू नये, असा खास कायदा संसदेने केला २०१६ मध्ये, युद्ध संपून सात वर्षांनी.

बेपत्ता माणसांचंही तसंच. नवऱ्याच्या नावावर जमीन आहे, बँकेत खातं आहे, पण तो कुठे आहे ते माहीत नाही. मृत्यूचा दाखला घेतला तर तो मेला असं आपणच लिहून दिल्यासारखं होतं, आणि चौकशीची मागणीही कमकुवत पडते. दाखला घेतला नाही तर जमीन विकता येत नाही, तारण ठेवता येत नाही, खात्याला हात लावता येत नाही. ‘अनुपस्थितीचा दाखला’ नावाची मधली सोय झाली, तीही २०१६ मध्येच. अर्थखात्याच्या कुठल्याही तक्त्यात हा कागद विकासाच्या सदरात दिसणार नाही. पण त्या बाईसाठी महामार्गापेक्षा हा कागद आधी लागत होता.

आणि तिसरा प्रश्न, सैन्याने धरून ठेवलेल्या जमिनी. जाफना द्वीपकल्पात वलिकामम उत्तर भागात पलाली तळाभोवतीची ६,३८१ एकर जमीन संपादित करण्याची नोटीस सरकारने २०१३ मध्ये काढली. लढाई संपून चार वर्षं झाली होती. दोन हजारांवर जमीनमालक कोर्टात गेले. याच पट्ट्यात मयिलिट्टी हे एकेकाळचं देशातलं मोठं मासेमारी बंदर आहे. ते लोकांना परत मिळालं जुलै २०१७ मध्ये, २७ वर्षांनी. एका बाजूला सरकार मच्छीमारांना मदत वाटत होतं आणि दुसऱ्या बाजूला त्यांचं बंदरच कुंपणाआड होतं.

जिंकलेल्या सैन्याचं काय करायचं?

युद्ध संपलं की संरक्षणावरचा खर्च कमी होईल अशी कुणाचीही अपेक्षा असते. श्रीलंकेत तसं झालं नाही. लिट्टेच्या सुमारे १२ हजार माजी सैनिकांचं पुनर्वसन करून त्यांना घरी पाठवलं, पण सरकारी सैन्य तेवढंच राहिलं. एकट्या भूदलाची मंजूर संख्या २ लाखांवर होती. १ लाख ३५ हजारांवर आणायचं आणि पुढे २०३० पर्यंत १ लाखावर न्यायचं, हे सरकारने जाहीर केलं जानेवारी २०२३ मध्ये. तोपर्यंत तिजोरी रिकामी झाली होती.

यामागे निव्वळ हट्ट नव्हता. सैनिक बहुतांशी दक्षिणेतल्या ग्रामीण सिंहली घरांतले. त्या गावांत महिन्याला येणारा खात्रीचा पगार हा सैन्यातल्या मुलाचाच. इतक्या तरुणांना एकदम घरी पाठवलं तर त्यांना काम कुठे द्यायचं, याचं उत्तर सरकारकडे नव्हतं. म्हणजे सैन्य ही देशाची सगळ्यात मोठी रोजगार योजना होऊन बसली होती. तिची किंमत उत्तरेने दोनदा मोजली. आधी जमीन गेली. मग याच सैन्याने शेतं, दुकानं, हॉटेलं चालवायला घेतली. ज्याचे मजूर सरकारी पगारावर आहेत त्याच्याशी भाजीच्या भावात स्पर्धा करून कोण टिकणार?

पैसा आला कुठून?

आतापर्यंतची गोष्ट उत्तरेची. आता कोलंबोकडे वळू, कारण दिवाळं तिथे निघालं.

श्रीलंकेने २००७ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सार्वभौम रोखे विकले, ५० कोटी डॉलरचे. रोखे म्हणजे सरकारने लिहून दिलेली चिठ्ठी: आज डॉलर द्या, इतकी वर्षं व्याज देऊ, मग मुद्दल एकदम परत करू. जागतिक बँकेचं स्वस्त, ३०-४० वर्षं मुदतीचं कर्ज वेगळं आणि हे वेगळं. रोख्यांचं व्याज चढं, मुदत बहुधा ५ ते १० वर्षं, आणि पैसा कशावर खर्च केला हे कुणी विचारत नाही. युद्ध जिंकल्यावर गुंतवणूकदार खूश होते, ८ टक्क्यांची वाढ दिसत होती, त्यामुळे रोखे विकत गेले. देशाने कर्ज बुडवलं तेव्हा असे सुमारे १,२५० कोटी डॉलर देणं होते.

डॉलरचं कर्ज डॉलरमध्येच फेडायचं, आणि डॉलर निर्यातीतून, पर्यटनातून किंवा परदेशी गेलेल्या कामगारांकडून येतात. २००० च्या सुमारास श्रीलंकेची निर्यात जीडीपीच्या एक तृतीयांशाहून जास्त होती, ती २०१० पर्यंत पाचव्या हिश्शाच्या आसपास आली. करांची गतही तीच. १९९० च्या सुमारास जीडीपीच्या १९ टक्क्यांच्या आसपास कर गोळा व्हायचा, २०१४ मध्ये ११ टक्क्यांच्या आसपास. युद्ध जिंकलेल्या सरकारची लोकप्रियता शिखरावर असते. कर वाढवायची ताकद असलीच तर तेव्हा असते. तेव्हाच सरकारने कर्जाची सोपी वाट धरली. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये महिंदांचे भाऊ आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला आणि २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली, त्यात कोविडने पर्यटन बंद पाडलं. या गोष्टींनी दिवाळखोरी लवकर आणली हे खरंच, पण खड्डा आधीपासून खणलेला होता.

हा सगळा चीनचा सापळा नव्हता का?

हा प्रश्न येणारच. हंबनटोटा बंदर चीनच्या कर्जातून बांधलं. जवळच्या मट्टला विमानतळालाही चिनी कर्ज. तो मार्च २०१३ मध्ये उघडला, आणि विमानं येत नाहीत म्हणून एका टप्प्यावर त्याच्या गोदामांत भात साठवला गेला. ही दोन्ही ठिकाणं राजपक्षेंच्या जिल्ह्यात आहेत, हे वेगळं सांगायला नको.

पण हिशोब बघितला तर देशाच्या परकीय कर्जात सगळ्यात मोठा, साधारण एक तृतीयांश, वाटा रोख्यांचा होता. चीनचा वाटा कसा मोजता त्यानुसार एक दशांश ते एक पंचमांश. डिसेंबर २०१७ मध्ये हंबनटोटा ९९ वर्षांच्या भाड्याने चिनी कंपनीला दिलं, त्याचे सुमारे ११२ कोटी डॉलर आले. तेव्हा सरकारला रोख्यांची देणी डोळ्यांसमोर दिसत होती आणि डॉलरची गंगाजळी आटत होती. बंदराचं कर्ज माफ झालं नाही, ते सरकारच्याच डोक्यावर राहिलं. चीनने चुकीच्या प्रकल्पांना डोळे झाकून पैसे दिले यात शंका नाही, पण ते प्रकल्प मागितले कोलंबोने.

आधी पोट, मग राजकारण, यात चूक काय?

ऐकायला पटतं. उपाशी माणसाला प्रांतिक स्वायत्तता काय करायची? फक्त उत्तरेच्या मतदाराचं मत वेगळं निघालं. रस्ते आणि वीज देऊन झाल्यावर, सप्टेंबर २०१३ मध्ये उत्तर प्रांतिक परिषदेची निवडणूक झाली, तेव्हा स्वायत्तता मागणाऱ्या तमिळ राष्ट्रीय आघाडीने ३८ पैकी ३० जागा जिंकल्या.

शिवाय राजकारण बाजूला ठेवण्याची रोख किंमतही मोजावी लागली. युरोपीय संघ श्रीलंकेच्या कपड्यांना ‘जीएसपी प्लस’ ही आयातशुल्काची सवलत देत होता. मानवी हक्कांच्या अटी पाळल्या नाहीत म्हणून ती ऑगस्ट २०१० मध्ये काढून घेतली, आणि परत मिळाली मे २०१७ मध्ये. डॉलर कमावणाऱ्या सगळ्यात मोठ्या उद्योगाला सात वर्षं फटका बसला, तोही नेमका डॉलरचं कर्ज वाढत असताना.

पण रवांडाने तर करून दाखवलं!

रवांडाचं उदाहरण हमखास दिलं जातं: १९९४ च्या नरसंहारानंतर एक कणखर नेता, स्वच्छ रस्ते, वेगवान वाढ. कणखरपणाबद्दल बोलायचं तर पॉल कागामे यांना २०२४ च्या निवडणुकीत ९९ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. यावरून तिथल्या विरोधकांची अवस्था ओळखावी. तो भाग अनुकरणीय नाही.

पण रवांडाकडून घेण्यासारखं जे आहे ते कुणी घेत नाही. त्यांनी १९९० च्या दशकातच स्वतंत्र कर प्राधिकरण उभारलं आणि वसुली सातत्याने वाढवली. पुढे साधारण २००९ ते २०१३ या काळात गावोगाव जाऊन सुमारे १ कोटी जमिनींच्या तुकड्यांची नोंद केली. शेजाऱ्यांना उभं करून हद्दी ठरवल्या आणि नवरा-बायको दोघांची नावं कागदावर घातली. किगालीचे रस्ते पाहून आलेले मंत्री फोटो रस्त्यांचेच काढतात.

मग आधी काय करायचं?

युद्धोत्तर देशांचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ पॉल कॉलियर यांनी एक चमत्कारिक विसंगती दाखवून दिली आहे. युद्ध संपताच कॅमेरे आणि मदत दोन्ही येतात. पण पहिल्या तीनेक वर्षांत देशाकडे ती नीट खर्च करण्याची यंत्रणाच नसते. ना इंजिनिअर, ना हिशेबनीस, ना चालणारी कोर्टं. ही क्षमता चौथ्या-पाचव्या वर्षापासून येते, आणि तेव्हा मदत देणारे दुसऱ्या युद्धाकडे निघून गेलेले असतात. म्हणून सुरुवातीला जमिनीच्या नोंदी, सुरुंग काढणं, कर खातं, सैन्यकपात यांसारखी कामं घ्यावीत, आणि मोठी काँक्रीटची कामं यंत्रणा उभी राहील तशी वाढवावीत. ए-९ सारखा रस्ता थांबू शकत नाही, मट्टला थांबू शकला असता. अर्थात हे कागदावर सोपं आहे. कर खात्याच्या उद्घाटनाला गर्दी जमत नाही, आणि निवडणूक पाच-सहा वर्षांवर असते.

श्रीलंकेत आता काही गोष्टी उशिरा का होईना हलतायत. आनैयिरवूच्या मिठागरावर २०२५ मध्ये टेबल सॉल्टचा सरकारी कारखाना सुरू झाला. पलालीच्या लष्करी पट्ट्यातून जाणारा रस्ता एप्रिल २०२५ मध्ये तीन दशकांहून जास्त काळाने उघडला. फक्त सकाळी ६ ते संध्याकाळी ५, पायी जायला बंदी, मध्ये गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात सरकारने उत्तरेतल्या सुमारे ६ हजार एकर जमिनीवर मालकीचे दावे दाखल करा, नाहीतर ती सरकारजमा होईल, अशी अधिसूचना काढली होती. कागद जळालेल्यांनी आणि परदेशी परागंदा झालेल्यांनी मुदतीत दावे करायचे कसे, असा गदारोळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि अधिसूचना मागे घ्यावी लागली.

बिल मात्र सगळ्यांच्या नावाने फाटतंय. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मार्च २०२३ मध्ये सुमारे ३०० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, त्याच्या अटींत करवसुली वाढवणं आलं, आणि जानेवारी २०२४ पासून मूल्यवर्धित कर १८ टक्के झाला. हा कर वस्तूवर लागतो, विकत घेणाऱ्याची ऐपत बघत नाही. मट्टलाचं विमान कधी न पाहिलेली मुल्लैतिवूची बाई दुकानातून जे विकत घेते त्यावर तोच कर भरते जो कोलंबोचा बंगलेवाला भरतो. २०२८ पासून परकीय कर्जाच्या परतफेडीचा भार पुन्हा वाढत जाणार आहे.